संगणकातल्या इलेक्ट्रॉनांची परीक्षा

परळच्या टाटा मेमोरियलसारख्या रुग्णालयात स्तनाच्या कर्करोगाची गाठ काढल्यानंतर त्या जागेवर काही वेळा इलेक्ट्रॉनांचा जादा डोस दिला जातो. १२ दशलक्ष इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जेचा इलेक्ट्रॉन शरीरात साधारण ६ सेंटीमीटर जाऊन थांबतो. उपचाराच्या कामाचा डोस पहिल्या ४ सेंटीमीटरपर्यंतच. बरगड्यांमागे फुप्फुस असते. ते विरळ असल्याने तिथे हाच इलेक्ट्रॉन आणखी आत शिरतो. कुठे किती डोस पडेल, हे म्हणूनच आधी संगणकावर काढावे लागते.

त्यासाठीची नावाजलेली पद्धत म्हणजे मॉन्टे कार्लो. नाव मोनॅकोतल्या जुगारघरांच्या गावावरून आले. गिरणगावात जन्मली असती तर तिला ‘मटका’ म्हटले असते! प्रत्येक टकरीला संगणक जणू फासे टाकतो. हवेत एक आयनजोडी तयार व्हायला सरासरी ३४ इलेक्ट्रॉन व्होल्ट लागतात, म्हणजे वरचा एकच इलेक्ट्रॉन हवेत थांबेपर्यंत सुमारे साडेतीन लाख जोड्या तयार होतात. कोणत्या ऊर्जेला टक्कर होण्याची शक्यता किती, हे फाशांना सांगणारे तक्ते मात्र बाहेरून येतात. खरी मेख इथेच आहे.

रुग्णालयातले भौतिकतज्ज्ञ पाण्याच्या टाकीत आयनीभवन कक्ष बुडवून डोस मोजतात. देशातल्या रुग्णालयांच्या या कक्षांचे प्रमाणीकरण तुर्भ्याचे भाभा अणुसंशोधन केंद्र करते. ही तपासणी भक्कम आहे, पण ती एकूण डोसाची. एकूण बेरीज बरोबर आली म्हणून आतली प्रत्येक रक्कम बरोबर असतेच असे नाही. दोन चुका एकमेकींना झाकून टाकू शकतात. उपकरणाच्या मोजमापाशी जुळवून घेतलेले गणित पुन्हा त्याच मोजमापाशी ताडून पाहणे, याला परीक्षा म्हणता येत नाही.

जीनिव्हाच्या ‘सर्न’मध्ये पाया घातला गेलेली ‘जीअँट४’ ही प्रणाली जगभर वापरली जाते. तिच्यासाठी इलेक्ट्रॉनांच्या आयनीभवनाचे तक्ते सुटे काढून तपासण्याचे किचकट काम २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. संशोधकांनी दोन सैद्धांतिक सूत्रे आणि आधीपासून वापरात असलेला तक्ता, असे तीन पर्याय अनेक मूलद्रव्यांवरच्या प्रयोगांशी ताडून पाहिले. एक हजार इलेक्ट्रॉन व्होल्टच्या खाली डॉइच-मेर्क सूत्र सर्वांत जवळ आले; प्रचलित तक्ता मागे पडला. एकाच मूलद्रव्यावरच्या दोन प्रयोगशाळांच्या आकड्यांतही कधी कधी मेळ नसतो, त्यामुळे कौल संख्याशास्त्रानेच द्यावा लागतो.

मोठ्या डोसाच्या हिशेबात या कमी ऊर्जेच्या फरकाने फारसे बिघडत नाही. डीएनएची साखळी कुठे तुटेल, असे संगणकाला विचारले की मात्र तोच फरक निर्णायक ठरतो. शिवाय हे प्रयोग मुख्यतः वायुरूपातल्या सुट्या अणूंवर झालेले आहेत आणि पेशीतले पाणी द्रवरूप असते.