वाटखर्ची : अंदमानात उतरायचं कुठे?

दिवाळीचा बोनस हातात पडला की सिन्नरजवळच्या माळेगाव-मुसळगावच्या कारखान्यांत अंदमानचा विषय निघतो. आपल्याकडे ही ओढ जुनी. पांढुर्लीवरून पुढे गेलं की भगूर. तिथल्या सावरकर बंधूंचा सेल्युलर जेलमधला छळ इथे घराघरांत ठाऊक आहे. विनायकराव १९११ ते १९२१ तिथे होते. आईवडिलांना ती कोठडी एकदा दाखवायची म्हणून माणसं निघतात आणि एजंट हॅवलॉक बेटावरचं ‘बीच टच’ रिसॉर्ट गळ्यात मारतो.

खिसा सांभाळून जायचं असेल तर समुद्र बघून मुक्काम ठरवू नका. जेट्टी आणि बाजार बघून ठरवा. आडबाजूच्या रिसॉर्टात चहासुद्धा त्यांच्याच दराने प्यावा लागतो, बाहेर पडायचं तर दर वेळी रिक्षा. शिवाय अंदमान इतकं पूर्वेला, की हिवाळ्यात पाचच्या सुमारास सूर्य बुडतो. ज्या देखाव्याचे जादा पैसे मोजले तो संध्याकाळभर दिसतच नाही.

पोर्ट ब्लेअरमध्ये (कागदोपत्री आता श्रीविजयपुरम) अबरदीन बाजारातलं साधं लॉज घ्या. जेल चालत जाण्याजोगं, खाणावळी हाताशी आणि फिनिक्स बे जेट्टीही जवळ. तिथून बेटांकडे सुटणाऱ्या सरकारी बोटीला वेळ जास्त लागतो, पण तिकीट खासगी क्रूझच्या मानाने फारच स्वस्त.

बेटावर राहायचंच तर मी हॅवलॉकपेक्षा नील निवडेन. बेट लहान आणि सपाट, सायकलवर सहज फिरून होतं. जेट्टीला लागूनच भरतपूरचा किनारा, बाजारही जवळ. पूर्व बंगालच्या निर्वासितांनी ते वसवलं. सीतापूर, रामनगर, लक्ष्मणपूर अशी गावं. अंदमानला भाजी पुरवणारं बेट अशी त्याची ख्याती आहे. रस्त्याच्या कडेला भाताची खाचरं, केळी, सुपारी, मधूनच भाजीचे वाफे. आपल्या शेतकरी माणसाचा पाय तिथे किनाऱ्याइतकाच रेंगाळेल. हॅवलॉक चुकवायचं नसेल तर गोविंदनगरच्या बाजारात उतरा, राधानगरच्या किनाऱ्यावर बसने जा.

एका बाबतीत मात्र काटकसर नको. परतीच्या विमानाची आदली रात्र पोर्ट ब्लेअरमध्येच काढा. समुद्र खवळला की बोटी रद्द होतात, आणि दिवाळीच्या सुटीत तर बंगालच्या उपसागरात वादळांचेच दिवस असतात. बेटावर अडकलात तर सगळ्या घरादाराची विमानाची तिकिटं बुडतील. पॅकेजमध्ये ती रात्र नसेल तर पैसे भरण्याआधी एजंटकडून बदलून घ्या, भले नीलवरची एक रात्र कमी होऊ दे.