ओसंडणारा कार्ब्युरेटर

इंग्लंडात 1957 साली आलेली ‘लोटस सेव्हन’ ही स्पोर्ट्‌स कार सुट्या भागांतही मिळे. हौशी मंडळी ती घरीच जोडीत. अशा गाडीच्या वेबर कार्ब्युरेटरातून पेट्रोल ओसंडू लागले, की पुष्कळजण प्रथम जेट बदलू लागतात. आम्हांस हे नाडी न पाहता औषध देण्यासारखे वाटते. आतला पितळी फ्लोट पातळी भरताच सुईसारखी झडप मिटवितो. चौरस इंचास सुमारे 3 पौंड दाब तिला पुरे. जोरकस विजेचा पंप अधिक देतो आणि झडप रेटून उघडतो. म्हणून आधी दाब मोजावा. मग झडपेत कचरा अडकला आहे काय, ते पाहावे. फ्लोट कानाशी हलवावा. आत पेट्रोल खळखळले, तर तो फुटका समजावा. तोवर इंजिन चालवू नये, ठिणगीने भडका उडेल! सिलिंडरातून झिरपलेले पेट्रोल इंजिनचे तेल पातळ करते. तेव्हा तेलही बदलावे.