द हॅटन गार्डन जॉब (चित्रपट)

'द हॅटन गार्डन जॉब' हा २०१७ साली प्रदर्शित झालेला, अल्प खर्चात निर्माण केलेला ब्रिटिश गुन्हेगारीपट आहे. एप्रिल २०१५ मध्ये लंडनमधील हॅटन गार्डन या जवाहिऱ्यांच्या पेठेत झालेल्या लॉकरफोडीवर तो आधारलेला असून त्याचे दिग्दर्शन रॉनी थॉम्पसन यांनी केले आहे. मॅथ्यू गूड, लॅरी लॅम्ब, फिल डॅनियल्स, डेव्हिड कॅल्डर, क्लाइव्ह रसेल आणि जोएली रिचर्डसन यांच्या त्यात प्रमुख भूमिका आहेत. चित्रपटाचे स्वागत संमिश्र झाले. वयोवृद्ध नटांच्या अभिनयाला दाद मिळाली. पटकथा मात्र ठरीव साच्याची असल्याची टीका झाली. हा मतभेद केवळ अभिनय आणि पटकथेपुरता नाही. ज्या घटनेचे तपशील न्यायालयातच उघड झाले होते, तिच्यावर चित्रपट काढताना कल्पनेची भर कोठे घालावी आणि कोठे घालू नये, हा प्रश्न त्याच्या मुळाशी आहे.

मूळ घटना

हॅटन गार्डन हा मध्य लंडनमधील हिरे व दागिन्यांच्या व्यापाराचा जुना भाग होय. तेथील एका इमारतीच्या तळघरात हॅटन गार्डन सेफ डिपॉझिट या कंपनीची लॉकरची खोली होती. आसपासचे लहान व्यापारी आपला माल रात्री तेथे ठेवीत. गुरुवार, २ एप्रिल २०१५ रोजी संध्याकाळी, ईस्टरच्या सलग सुट्ट्या सुरू होत असताना, चोरटे इमारतीत शिरले. लिफ्टच्या पोकळीतून ते तळघरात उतरले आणि हिऱ्याची धार असलेल्या ड्रिल यंत्राने सुमारे ५० सेंटिमीटर जाडीच्या काँक्रीटच्या भिंतीला एकाला एक लागून तीन भोके पाडली. भगदाड तयार झाले, परंतु आतील पोलादी कपाट जमिनीला व छताला जखडलेले होते. ते ढकलणारे हायड्रॉलिक यंत्र ऐनवेळी मोडले. शुक्रवारी सकाळी चोरांना रिकाम्या हाती परतावे लागले.

मध्यरात्रीनंतर धोक्याची घंटा वाजली होती. एक सुरक्षारक्षक येऊन बाहेरूनच पाहणी करून गेला. पोलिसांकडे निरोप पोहोचला, पण तेथे जाण्याची आवश्यकता नाही असा शेरा त्यावर पडला. पुढे लंडन पोलिसांना याबद्दल दिलगिरी व्यक्त करावी लागली. चोरांनी दरम्यान नवे यंत्र विकत आणले आणि शनिवारी रात्री ते पुन्हा आत शिरले. या खेपेस ७३ लॉकर फोडले गेले. चोरी उघडकीस आली ती मंगळवारी, ७ एप्रिलला. प्रारंभी वृत्तपत्रांतून २० कोटी पौंडांपर्यंतचे आकडे झळकले. खटल्यात चोरीच्या मालाची किंमत सुमारे १.४ कोटी पौंड धरण्यात आली.

मे महिन्यात अटका झाल्या, तेव्हा सर्वांत मोठे आश्चर्य ठरले ते आरोपींचे वय. ब्रायन रीडर ७६ वर्षांचा होता. जॉन 'केनी' कॉलिन्स सत्तरी ओलांडलेला, टेरी पर्किन्स ६७ वर्षांचा आणि डॅनी जोन्स साठीच्या घरातला. रीडर चोरीच्या ठिकाणी आला तो बसने, ज्येष्ठ नागरिकांच्या पासवर. आणि तो पासही त्याच्या नावाचा नव्हता. पहिल्या रात्रीच्या अपयशानंतर तो परत आलाच नाही. मधुमेही पर्किन्स औषधे बरोबर घेऊन तळघरात उतरला होता. पहाऱ्यावर बसवलेल्या कॉलिन्सला झोप लागली, अशी तक्रार त्याचेच साथीदार नंतर करताना पोलिसांनी ऐकली. कारण तोवर त्यांच्या गाड्यांत पोलिसांनी गुप्तपणे ध्वनिग्राहक बसवले होते. मुळात माग लागला तोही कॉलिन्सच्या पांढऱ्या मर्सिडीज गाडीमुळे. सीसीटीव्हीत ती स्पष्ट दिसत होती. जोन्सने आपला वाटा एका कबरस्तानात पुरला होता. एक जागा त्याने पोलिसांना आपण होऊन दाखवली, दुसरी आणि मोठी दाखवली नाही. पोलिसांना ती आधीच सापडलेली होती.

चौघांनी गुन्हा कबूल केला. मार्च २०१६ मध्ये कॉलिन्स, जोन्स आणि पर्किन्स यांना प्रत्येकी सात वर्षांची, तर आजारी रीडरला सहा वर्षे तीन महिन्यांची शिक्षा झाली. 'बेसिल' या टोपणनावाने ओळखला जाणारा, इमारतीत प्रथम शिरलेला साथीदार मात्र त्या वेळी कोणाच्याही हाती लागला नव्हता.

येथे शब्दाविषयी थोडे. आपल्याकडे अशा घटनेला सहज 'दरोडा' म्हटले जाते. भारतीय कायद्याप्रमाणे दरोड्यास पाच किंवा अधिक माणसे लागतात आणि बळाचा वापर किंवा त्याची धमकी लागते. जबरी चोरीतही बळ गृहीत आहे. हॅटन गार्डनला कोणावर हात उगारला गेला नाही. आरोप होता तो घरफोडीचा कट रचल्याचा, आणि निवासी नसलेल्या इमारतीतील घरफोडीस इंग्लंडमध्ये कमाल शिक्षा दहा वर्षांची आहे. 'कोणाला इजा झाली नाही' या एका गोष्टीवर या म्हाताऱ्यांविषयीचे लोकांचे कौतुक उभे राहिले आणि चित्रपटाचा सूरही त्यातूनच ठरला.

चित्रपटातील मांडणी

दिग्दर्शक थॉम्पसन हे पूर्वी तुरुंगरक्षक होते आणि त्या नोकरीवरील त्यांचे आत्मकथन प्रसिद्ध आहे. गुन्हेगारांची भाषा व वावर त्यांनी जवळून पाहिलेला असल्याने या विषयाकडे ते वळले यात नवल नाही. चित्रपटाचा केंद्रबिंदू मात्र म्हातारे नाहीत. मॅथ्यू गूड यांनी रंगवलेला एक तरुण, देखणा, निनावी चोर कथेचा नायक व निवेदक आहे. तो जुन्या खोडांना एकत्र करतो. लॅरी लॅम्ब रीडरच्या भूमिकेत आहेत. जोडीला लंडनमधील एका हंगेरियन टोळीचे उपकथानक असून तिच्या प्रमुखाची भूमिका जोएली रिचर्डसन यांनी केली आहे.

निनावी नायकामागचे कारण उघड आहे. चित्रपट तयार झाला तेव्हा 'बेसिल' अज्ञात होता. तपासात राहिलेल्या रिकाम्या जागी लेखकांना हवे ते पात्र बसवता आले. कायद्याच्या दृष्टीनेही ते सोयीचे होते. हंगेरियन टोळीला मात्र असा कोणताही आधार नाही. ती वास्तवातून आलेली नसून अशा चित्रपटांच्या साच्यातून आलेली आहे.

संमिश्र प्रतिसाद

ब्रिटिश चित्रपटांत चोरीच्या बेताची परंपरा जुनी आहे. १९५१ चा 'द लॅव्हेंडर हिल मॉब' आणि १९५५ चा 'द लेडीकिलर्स' हे विनोदाच्या अंगाने गेले. १९६९ चा 'द इटालियन जॉब' साहसाच्या. १९९८ साली गाय रिची यांच्या 'लॉक, स्टॉक अँड टू स्मोकिंग बॅरल्स' या कमी खर्चाच्या चित्रपटाने मोठे यश मिळवले आणि पुढची दोन दशके ईस्ट एंडची बोली, खुसखुशीत निवेदन व वेगवान संकलन यांची नक्कल करणाऱ्या चित्रपटांची रीघ लागली. 'द हॅटन गार्डन जॉब' त्याच रांगेत उभा राहिल्याने समीक्षकांचा कंटाळा त्याच्या वाट्याला आला. नव्या चित्रपटावर जुन्या अनुकरणांचा राग काढणे हा काहीसा अन्याय आहे खरा, पण निवेदनाची शैली पाहता तो दिग्दर्शकाने ओढवून घेतला असेच म्हणावे लागेल.

अल्प खर्चाचा बचाव येथे फारसा टिकत नाही. मूळ घटना पाहिली तर तीच जणू कमी खर्चाच्या चित्रपटासाठी घडलेली आहे. एक तळघर, एक भिंत, एक मोडलेले यंत्र, थकलेली चार-पाच माणसे आणि त्यांची आपसांतील कुरबूर. यासाठी पाठलाग लागत नाहीत की परदेशी टोळ्या लागत नाहीत. पैशाची चणचण असलेल्या निर्मितीने नेमके जे फुकट उपलब्ध होते ते मागे ढकलून जे उभारायला खर्च येतो ते पुढे आणले. ज्येष्ठ नटांची जी स्तुती झाली ती याच जागेची आहे: म्हातारे एकमेकांशी बोलतात तेवढा वेळ चित्रपट खरा वाटतो.

पैसा हा निर्णायक मुद्दा नव्हता, हे पुढच्या वर्षी दिसून आले. सप्टेंबर २०१८ मध्ये याच चोरीवर जेम्स मार्श यांचा 'किंग ऑफ थीव्ज' आला. मायकल केन, जिम ब्रॉडबेंट, टॉम कोर्टनी, रे विन्स्टन, मायकल गॅम्बन अशी नामवंतांची फौज असूनही त्याचे स्वागत संमिश्रच झाले. मे २०१९ मध्ये आयटीव्ही वाहिनीने 'हॅटन गार्डन' ही चार भागांची मालिका दाखवली. तिमोथी स्पॉल यांनी त्यात पर्किन्स साकारला. ही मालिका वेगळी ठरली, कारण तिने लॉकरधारकांनाही जागा दिली.

वगळलेली माणसे

लॉकर फोडले गेले त्यांत आयुष्यभराची पुंजी तेथे ठेवलेले छोटे जवाहिरे होते आणि अनेकांनी विमा उतरवलेला नव्हता. लॉकरची कंपनीही त्याच वर्षी बंद पडली. २०१७ च्या चित्रपटात या माणसांना जवळजवळ स्थान नाही. लॉकर हे केवळ फोडण्याचे डबे ठरतात.

चोरांचा पूर्वेतिहासही असाच पुसट होतो. १९८३ च्या सिक्युरिटी एक्सप्रेस लुटीत एका पहारेकऱ्यावर पेट्रोल ओतून त्याला पेटवून देण्याची धमकी देण्यात आली होती. त्या लुटीसाठी पर्किन्सला २२ वर्षांची शिक्षा झाली होती. रीडर ब्रिंक्स-मॅट सोन्याच्या चोरीचा माल फिरवल्याबद्दल तुरुंगात जाऊन आला होता. 'बिचारे आजोबा' ही प्रतिमा वृत्तपत्रांनी घडवली आणि चित्रपटाने ती तपासून न पाहता उचलली. चोरांना माणूस म्हणून दाखवणे हे कलेचे कामच आहे. पण त्यांच्या माणूसपणात हा भूतकाळही येतो, आणि तो वगळल्याने पात्रे गोड होतात त्या प्रमाणात पोकळही होतात.

नंतरच्या घडामोडी

जानेवारी २०१८ मध्ये न्यायालयाने चार प्रमुख आरोपींना एकत्रितपणे सुमारे २.७५ कोटी पौंड भरण्याचा आदेश दिला. पुढच्याच महिन्यात पर्किन्स तुरुंगात मरण पावला. मार्च २०१८ मध्ये 'बेसिल' सापडला. त्याचे नाव मायकल सीड. तो पन्नाशी उलटलेला, इलेक्ट्रॉनिक उपकरणांचा जाणकार होता आणि लंडनच्या इस्लिंग्टन भागातील एका साध्या सदनिकेत राहत होता. तेथे सोने, रत्ने व दागिने मिळाले, आणि सोने वितळवण्याचे सामानही. मार्च २०१९ मध्ये त्याला दहा वर्षांची शिक्षा झाली.