किराण्याच्या फडताळात वाइन

वाइन म्हणजे दारू नव्हे, असा शोध अनेक सुशिक्षित घरांत लागला आहे. बारा-तेरा टक्के मद्यार्क असलेल्या पेयाला निव्वळ फळांचा रस कसे म्हणावे? २७ जानेवारी २०२२ रोजी महाराष्ट्राच्या तत्कालीन मंत्रिमंडळाने हजार चौरस फुटांच्या किराणा दुकानांत वाइन विकू देण्याचा निर्णय घेतला, तोही द्राक्ष बागायतदाराच्या नावाने! राज्यघटनेचा ४७वा अनुच्छेद मद्यबंदीची दिशा दाखवितो, याचे विस्मरण झाले असावे. नाशिक-सांगलीचा बहुसंख्य बागायतदार थॉम्पसन, सोनाका ही खाण्याची द्राक्षे पिकवितो. उत्तम वाइनला शिराझ, कॅबर्ने अशा निराळ्या जाती लागतात. अवकाळी पावसाने थॉम्पसनचे मणी तडकले, तर शिराझची स्वस्त बाटली त्या शेतकऱ्याच्या कोणत्या कामाची?

अभिरुचीच जोपासायची, तर कॉफीने काय अपराध केला आहे? चिकमगळूर आणि कोडगूच्या मळ्यांत, मोठ्या वृक्षांच्या सावलीत पिकणारी कॉफी बहुतांशी परदेशी जाते. आपण मात्र चिकोरी मिसळलेली झटपट पूड ढवळून धन्य होतो. पितळी फिल्टरमध्ये ताजी दळलेली पूड हलकेच दाबावी, उकळते पाणी ओतावे आणि पाव तास धीर धरावा. (उतावळ्यांचे हे काम नव्हे.) खाली साचलेला दाट अर्क गरम दुधात मिसळला की दरवळ माजघरापर्यंत पोहोचतो. या पेल्यासाठी परवाना काढावा लागत नाही आणि मुले आली म्हणून तो लपवावाही लागत नाही.