गाडी आली, आता जॅकचं काय?

सदर : कामाची जागा

१० फेब्रुवारी २०२३ रोजी मुंबई–साईनगर शिर्डी वंदे भारत एक्स्प्रेसला पंतप्रधानांनी हिरवा झेंडा दाखवला. इतकी देखणी गाडी आपल्या नाशिक रोडला थांबणार म्हटल्यावर नाशिककरांना कौतुक वाटलं, ते साहजिकच होतं. तिसऱ्या दिवशी, १३ फेब्रुवारीच्या पहाटे पावणेसहाच्या सुमारास, त्याच मार्गावर लासलगाव आणि उगाव या स्थानकांच्या मध्ये रुळाचं काम करणारे चार ट्रॅकमन मारले गेले. त्यांना उडवलं ते ओव्हरहेड तारांची दुरुस्ती करणाऱ्या टॉवर वॅगनने, म्हणजे देखभाल करणाऱ्यांच्याच वाहनाने. रेल्वेने तेव्हा सांगितल्याप्रमाणे ती उलट्या दिशेने येत होती. दुहेरी मार्गावर काम करणारा माणूस कोणत्या रुळावर गाडी कुठून येते ते मनात पक्कं बांधून ठेवतो आणि कान त्या बाजूला लावतो. त्या पहाटे मरण पाठीमागून आलं. संतापलेले सहकारी रुळांवर उतरले, चालक निलंबित झाला, चौकशी लागली. चार-आठ दिवसांत विषय वर्तमानपत्रांच्या पानांवरून उतरलाही.

आमच्या पंचवटीत रेल्वे नाही. गाडी पकडायची तर गोदावरी ओलांडून नाशिक रोड गाठावं लागतं. पण पंचवटीचं नाव १ नोव्हेंबर १९७५पासून रुळांवर धावतंय. सकाळी सहाच्या सुमारास मनमाडहून सुटणारी पंचवटी एक्स्प्रेस उगाव–लासलगावचा तोच पट्टा ओलांडून येते. मुंबईला नोकरीसाठी रोज जाणारा पासधारक पेपर उघडतो किंवा डोळे मिटतो, तेव्हा खालच्या रुळाची पहाटेची पाहणी कुणी तरी चालत करून गेलेलं असतं.

या कामातल्या मरणांकडे पाहायला आपल्याला एका मराठी शास्त्रज्ञाने शिकवलं होतं. डॉ. अनिल काकोडकर यांच्या अध्यक्षतेखालील रेल्वे सुरक्षा आढावा समितीने २०१२ साली अहवाल दिला. त्यात एक आकडा असा होता : २००७-०८ ते ऑक्टोबर २०११ या काळात रेल्वे अपघातांत १,०१९ माणसं मेली, आणि त्याच काळात कामावर असताना मेलेले रेल्वे कर्मचारी सुमारे १,६०० होते. जखमी सुमारे ८,७००. डबे घसरले की देशभर बातमी होते. गँगमन, म्हणजे ट्रॅकमन, एकेकटा मरतो, आणि त्याची बातमी तालुका पानावर येते.

उपाय म्हणून नेहमी दोन टोकं पुढे केली जातात. एका टोकाला नारिंगी जाकीट, हेल्मेट आणि सूचनांचं पुस्तक. दुसऱ्या टोकाला कोट्यवधींची यंत्रणा, म्हणजे गाड्यांची टक्कर टाळणारं ‘कवच’ आणि मोठाली ट्रॅक मशीन. मधली जी वस्तू माणसाच्या हातात दिवसभर असते, तिच्याबद्दल कुणी बोलत नाही. पहार, बीटर, घण, जॅक, गेज, पाना. मला आज त्याच हत्यारांबद्दल बोलायचं आहे, कारण माणूस वाचेल की नाही हे पुष्कळदा शेवटच्या अर्ध्या मिनिटात हातात काय आहे यावर ठरतं.

हिशेब करून पाहा. ताशी ११० किलोमीटरने येणारी गाडी सेकंदाला तीस मीटर अंतर कापते. सरळ रुळावर किलोमीटरभर लांबून दिसली, तर पोहोचायला तेहतीस सेकंद. वळण असेल, पाऊस असेल, निफाडची हिवाळ्यातली पहाट असेल, तर त्याहून कमी. एवढ्या वेळात माणसाने काम सोडायचं, रुळावरची हत्यारं उचलायची, खडीवरून तोल सांभाळत बाजूच्या वाटेवर जायचं. शेजारच्या रुळावर मात्र उभं राहायचं नाही, कारण एक गाडी चुकवताना दुसरीखाली जाणं हा या धंद्यातला सगळ्यात जुना अपघात आहे.

आता या अर्ध्या मिनिटात जॅक ठेवून पाहा. रूळ खचला की तो थोडा उचलून स्लीपरखाली खडी ठोकून भरावी लागते. उचलायला जॅक लागतो. जुन्या घडणीचा जॅक रुळाच्या बाजूला उभा राहतो, त्याचं डोकं रुळाच्या माथ्यापेक्षा वर येतं. गाडी आली आणि जॅक तिथेच राहिला तर इंजिनाला अडकणार, चाक घसरायचीही भीती. म्हणून सगळे बाजूला झाले तरी जॅकवाला वाकलेलाच असतो. जॅकवर भार असतो, तो सैल व्हायला वेळ लागतो. त्या माणसापुढे प्रश्न उभा असतो : गाडी वाचवू की स्वतःला? सांगायला अभिमान वाटतो आणि रागही येतो, पण आपले गँगमन बहुतेक वेळा आधी गाडी वाचवतात.

यावर उत्तर फार पूर्वी सापडलेलं आहे. बुटका जॅक. तो दोन स्लीपरच्या मधल्या जागेत रुळाच्या पायाखाली बसतो आणि त्याचा कुठलाही भाग रुळाच्या माथ्याच्या वर येत नाही. गाडी आली तर जॅक तसाच ठेवून माणूस निघून जातो, आणि गाडी वरून जाते. रेल्वेच्या नियमावलीतही अशाच जॅकला पसंती आहे. यात संगणक नाही, सेन्सर नाही. कुणी तरी बसून एवढाच विचार केला की गाडी आली तर काय होईल, आणि त्या विचाराने एका माणसाला वाकून राहण्यातून मोकळं केलं. माझ्या लेखी सुरक्षित हत्याराची पहिली परीक्षा हीच : ते जागेवर टाकून पळता आलं पाहिजे.

दुसरी परीक्षा आवाजाची. तिची किंमत ब्रिटनने मोजली. ३ जुलै २०१९ रोजी वेल्समधल्या मार्गम इथे रुळाच्या सांध्यावर काम करणाऱ्या दोघांना गाडीने उडवलं, तिसरा थोडक्यात बचावला. तिथल्या अपघात तपास संस्थेने शोधून काढलं की माणसं पेट्रोलवर चालणाऱ्या मशीनने बोल्ट सोडवत होती, त्या गोंगाटापासून कान वाचवायला कानांवर संरक्षक लावले होते, आणि गाडीकडे नजर ठेवायला वेगळा माणूस उभा नव्हता. हाताचे कष्ट वाचवणारं मशीन होतं, कान वाचवणारं साधनही होतं, आणि नेमक्या त्या जोडीनेच गाडीचा भोंगा गिळला. त्यानंतर ब्रिटनच्या रेल्वेने नुसत्या पहारेकऱ्याच्या भरवशावर चालत्या रुळावर काम करणं जवळजवळ बंद करत आणलं. आपल्याकडे खडी ठोकायची, रूळ कापायची, भोकं पाडायची छोटी मशीन गँगपर्यंत पोहोचली आहेत. ती यायलाच हवीत. बीटर मारून खांदे निकामी झालेल्या माणसाला विचारा. मात्र इंजिनाच्या जागी बॅटरी, आणि मशीन चालू असेपर्यंत हातात शिट्टी-झेंडा घेऊन दुसरं काहीही न करणारा एक माणूस, हे दोन्ही त्या मशीनच्या किमतीतच धरलं पाहिजे. तो पहारेकरी ‘मोकळा बसलेला’ दिसतो म्हणून त्याच्या हातात फावडं देण्याचा मोह साहेबांना होतो. तो मोह आवरला पाहिजे.

तिसरी गोष्ट क्लिपची. सिमेंटच्या स्लीपरला रूळ घट्ट धरून ठेवणारी ती वेटोळी पोलादी क्लिप आपण फलाटावरून रोज पाहतो. मुख्य मार्गावर किलोमीटरला साधारण १,६६० स्लीपर, प्रत्येकाला चार क्लिपा, म्हणजे ६,६०० हून जास्त. एकेक क्लिप रुळाला टनाच्या आसपास जोराने दाबून धरते. गंज धरू नये म्हणून त्या ठरावीक मुदतीने काढून, ग्रीस लावून परत बसवाव्या लागतात. घणाने ठोकून काढताना क्लिप उसळते, नडगी फोडते, डोळा घेते. गंजलेली असेल तर घणाचे घाव वाढतात, आणि घाव वाढले की ऐकू येणं कमी होतं. दांड्याच्या किंवा स्क्रूच्या जोराने क्लिप ओढून काढणारी हत्यारं आहेत. त्यांत ठोकाठोक नाही, उडणं नाही. आहेत तरी पुष्कळदा ती टूलबॉक्समध्ये पडून असतात. कारण विचारलं तर उत्तर येतं, जड आहेत. चावीवाल्याला, म्हणजे कीमनला, आपल्या हद्दीत रोज काही किलोमीटर एकट्याने चालायचं असतं. खांद्यावर घण, पाना, झेंडे, फटाका सिग्नल. त्यात आणखी एक लोखंड तो का घेईल? आता गँगमध्ये बायाही आहेत, आणि आपली बरीचशी हत्यारं अजून पन्नास वर्षांपूर्वीच्या पैलवानाच्या मापाची आहेत. हत्याराचं वजन हाही सुरक्षेचा मुद्दा आहे, कारण घरी राहिलेलं सुरक्षित हत्यार कुणालाच वाचवत नाही.

विजेचा विषय थोडक्यात. आपल्या मार्गावर डोक्यावर २५,००० व्होल्टची तार आहे, म्हणून लांब पहार उभी धरून चालायचं नाही, आडवी धरायची. दोन रुळांमधलं अंतर मोजायचं गेज इन्सुलेशनचं हवं, नाहीतर धातूचा दांडा दोन्ही रुळांना टेकताच सिग्नल लाल होतो आणि सगळी वर्दळ थांबते. आणि इंजिनाने घेतलेला प्रवाह रुळातूनच परत जात असल्यामुळे रूळ कापण्याआधी दोन्ही टोकं जाड केबलने जोडावी लागतात. ती न जोडता तुटक्या टोकांना हात लावणारा माणूस स्वतःच केबल होतो. हे सगळं प्रत्येक ट्रॅकमनला माहीत असतं. केबल जागेवर असते का, हा प्रश्न निराळा.

आता लासलगावकडे परत येतो. बुटका जॅक आणि हलका घण असता तर ती चार माणसं वाचली असती, असं म्हणणं खोटं ठरेल. त्यांना हवी होती खबर. गाडी येतेय हे सांगणारी ‘रक्षक’ नावाची हातातली उपकरणं रेल्वेने आणली आहेत. पुढच्या-मागच्या स्थानकातून गाडी निघाली की रेडिओ लहरींवरून ती वाजतात, थरथरतात. उपकरण चांगलं आहे, प्रत्येक कीमनच्या पट्ट्याला ते हवं. पण अशी यंत्रणा स्थानकातल्या सिग्नलच्या हिशेबावर बेतलेली असते. जे वाहन त्या हिशेबात नाही, जे ब्लॉक, म्हणजे वाहतूक थांबवून कामासाठी दिलेली वेळ, घेऊन शिरलं आहे किंवा उलटं येतंय, त्याची खबर ती कशी देणार? म्हणून माझा आग्रह असा की टॉवर वॅगन, ट्रॅक मशीन, रुळावर चढणारं प्रत्येक देखभालीचं वाहन स्वतःची खबर स्वतः प्रसारित करणारं असावं, आणि ती ट्रॅकमनच्या उपकरणाने पकडावी. वाहनं मोजकी आहेत, ती सगळी रेल्वेच्याच नोंदीत आहेत. तारांचं खातं वेगळं, रुळांचं खातं वेगळं, हे कारण मेलेल्या माणसाच्या घरच्यांना सांगता येत नाही.

नाशिकला या बाबतीत हात झटकता येणार नाहीत. नाशिक रोडला रेल्वेच्या विद्युत अभियंत्यांना शिकवणारी संस्था आहे, मनमाडला पुलांचे गर्डर घडवणारा रेल्वेचा जुना कारखाना आहे, सातपूर-अंबडला पोलाद ठोकून, वाकवून, मापात आणणारे शेकडो कारागीर आहेत. अगदी पंचवटीत, अमृतधामला, के. के. वाघ अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाच्या मुलांना ड्रोन आणि रोबोट सोडून एक वर्ष क्लिप काढायचं तीन-चार किलोचं हत्यार करायला सांगा, आणि परीक्षक म्हणून एका मुकादमाला बोलवा. प्राध्यापकांपेक्षा तो कडक निघेल, याची मला खात्री आहे.

घाईचं कारणही आहे. २०२७चा सिंहस्थ कुंभमेळा समोर आहे. रामकुंडावर येणारी माणसं नाशिक रोड, देवळाली, ओढा या स्थानकांवर उतरणार. जादा गाड्या म्हणजे रूळ जास्त झिजणार आणि दुरुस्तीसाठी मिळणारे ब्लॉक मात्र आखडणार. दोन गाड्यांच्या फटीत काम उरकायचा दबाव गँगवर येणार, आणि जॅकपाशी वाकलेला माणूस तेव्हाच सापडतो.

भुसावळ विभागाला एक यादी मागतो. इगतपुरी ते मनमाड प्रत्येक गँगच्या टूलबॉक्समध्ये उभे जॅक किती आणि बुटके किती. क्लिप ओढून काढणारी हत्यारं किती. रूळ कापताना जोडायच्या केबल किती. इशारा देणारी उपकरणं किती, आणि त्यांतली चार्ज केलेली किती. मोजायला साहेबासोबत मुकादमाला न्या. कोणतं हत्यार कोपऱ्यात धूळ खात पडलंय आणि का, हे साठ्याच्या वहीत लिहिलेलं नसतं. त्याला मात्र ते माहीत असतं.

— पंचवटीकर