गाडीचा चातुर्मास



आषाढ जवळ आला की आपल्या सगळ्यांच्या घरी एकच गडबड असते. रवा, मैदा, बेसन संपवायचं, डाळींना ऊन दाखवायचं, डबे घासून कोरडे करायचे, पालेभाजी बंद करायची. या यादीत मी दोन वर्षांपासून एक वस्तू वाढवली आहे. यांची जुनी मोटरसायकल. हसू नका, सांगते.

ही गाडी म्हणजे हिरो होंडा सीडी 100. 1985 मध्ये ही गाडी बाजारात आली, तेव्हा ‘फिल इट, शट इट, फरगेट इट’ ही जाहिरात पोरासोरांना पाठ होती. आमची गाडी 1991 ची. रोज चालायची तोपर्यंत खरोखरच पेट्रोल भरायचं आणि विसरायचं, एवढंच काम होतं. पण थांबलेल्या गाडीला विसरून चालत नाही, हे आम्हाला उशिरा कळलं.

तीन वर्षांपूर्वी यांनी नियम घेतला. आषाढ चतुर्दशीपासून दिवाळीच्या निर्वाण लाडवापर्यंत गाडी चालवायची नाही. पावसात रस्त्यावर गांडुळं, गोगलगायी, किती किडेमुंग्या असतात. चाकाखाली काय येतं ते दिसतही नाही. मंदिरात चालत जायचं, बाजारातही चालतच. मला नियम फार आवडला. गाडी जिन्याखाली लावली, वर प्लॅस्टिक टाकलं आणि आम्ही निर्धास्त झालो. मुलाने फोनवर सांगितलं होतं की आठवड्यातून एकदा दोन मिनिटं चालू करत जा. ते यांनी महिनाभर केलं, मग तेही राहिलं.

दिवाळी झाल्यावर यांनी किक मारली. वीस-पंचवीस किक झाल्या, गाडी ढिम्म. फिटरला घरी बोलावलं. त्याने साईडचं कव्हर उघडलं आणि आतून उंदरीण उडी मारून पळाली. सीटचा स्पंज कुरतडून तिने आत घर केलं होतं. त्यात पिल्लं होती, डोळे न उघडलेली. मी तोंड उघडेपर्यंत त्याने फडक्याने सगळं झाडून गटारात टाकलंसुद्धा. त्या बिचाऱ्याची काय चूक? त्याचं ते रोजचं काम. चूक आमची. जीव वाचावेत म्हणून गाडी थांबवली आणि थांबवलेल्या गाडीनेच जीव घेतले. यांनी दुसऱ्या दिवशी उपवास केला. माझ्या मनातून मात्र ती पिल्लं बरेच दिवस गेली नाहीत.

तेव्हापासून माझं मत पक्कं झालं आहे. एखादी गोष्ट वापरायची नाही असा नियम घेतला, म्हणजे तिच्याबद्दलची जबाबदारी संपत नाही. आपल्याकडे त्यागाचं कौतुक फार होतं, पण यतना, म्हणजे उठता-बसता, ठेवता-उचलताना जीव जपायची काळजी, ती मागे पडते. पाणी गाळल्यावर गाळण्यात राहिलेली जिवाणी आपण जपून परत पाण्यात सोडतो ना? नुसतं गाळून टाकलं तर ते काम अर्धंच. गाडीचंही तसंच आहे.

फिटरने कार्बोरेटर उघडून मला दाखवला. तळाच्या वाटीत काकवीसारखा चिकट थर बसला होता. साठलेल्या पेट्रोलमधला हलका भाग उडून जातो आणि मागे हा चिकटा राहतो. पेट्रोल ज्या जेटमधून जातं, त्याचं भोक सुईच्या टोकाएवढं. ते बुजलं की गाडी सुरू होणार कशी? त्यात आता पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते हवेतला ओलावा ओढून घेतं आणि जुन्या गाड्यांच्या रबरी नळ्यांना फारसं मानवत नाही. 2020 नंतरच्या बहुतेक गाड्यांत कार्बोरेटर नाही, त्यामुळे मुलांना हे माहीत नसतं.

आता आम्ही काय करतो ते सांगते. एका सकाळचं काम आहे.

आधी मऊ झाडणीने गाडी सगळीकडून झाडून घ्यायची. टाकी ताज्या पेट्रोलने जवळजवळ भरायची, म्हणजे आत दमट हवेला जागा उरत नाही आणि पत्रा गंजत नाही. पेट्रोलचा कॉक बंद करायचा आणि कार्बोरेटरच्या तळाचा स्क्रू सैल करून उरलेलं दोन-चार चमचे पेट्रोल बाटलीत काढायचं. ते जमिनीवर किंवा गटारात ओतायचं नाही, मुंग्या मरतात. आम्ही ते शेजारच्यांच्या स्कूटरमध्ये घालतो. हे काम समई आणि गॅसपासून लांब, उघड्यावर करायचं.

इंजिन ऑइल जुनं झालं असेल तर ठेवण्याआधी बदलायचं, नंतर नाही, कारण वापरलेल्या ऑइलमधलं आम्ल आतला भाग खातं. प्लग काढून आत चमचाभर ताजं ऑइल सोडायचं, किल्ली बंद ठेवून दोनदा हळू किक फिरवायची आणि प्लग परत लावायचा. चेनला ऑइल द्यायचं. बॅटरी काढून कोरड्या जागी ठेवायची आणि महिन्यातून एकदा चार्ज करायची. चाकांत हवा भरून गाडी मधल्या स्टँडवर लावायची.

शेवटचं आणि माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचं. सायलेन्सरच्या तोंडात आणि कव्हरच्या फटींत सुती चिंध्या घट्ट बसवायच्या, म्हणजे कोणी जीव आत घर करत नाही. किती चिंध्या लावल्या तो आकडा चिठ्ठीवर लिहून ती किल्लीला बांधायची. वरून प्लॅस्टिक नको, आत पाणी धरतं. जुनी सुती चादर पुरे. दर आठ-दहा दिवसांनी चादर उचलून एकदा बघायचं.

आणि ती दोन मिनिटं चालू करायची सवय सोडा. तेवढ्यात इंजिन नीट तापत नाही, उलट जळताना तयार झालेली वाफ सायलेन्सरमध्ये आणि ऑइलमध्ये पाणी होऊन बसते. चालवायची तर चांगली पंधरा-वीस मिनिटं चालवा, नाहीतर शांत उभी राहू द्या.

सूनबाई मला म्हणाली, “आई, अपरिग्रह सांगता, मग ही जुनी गाडी विकून का टाकत नाही?” प्रश्न बरोबर आहे. मी विचार केला. आपल्याकडे वस्तूपेक्षा तिच्यावरच्या आसक्तीला परिग्रह म्हणतात. यांनी ती नुसती आठवण म्हणून ठेवली असती तर मीच विका म्हटलं असतं. पण उरलेले आठ महिने ती रोज कामाला येते. बी. कॉम.ला घसारा शिकलेली मी, हिशेबाने तिची किंमत कधीच शून्य झाली आहे. ती विकून नवी घेतली तर घरात वस्तू तेवढ्याच राहतील, फक्त लोखंड, रबर आणि पैसा आणखी खर्च होईल. नोंदणी पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नवी करावी लागते, ती आम्ही करतो, विमाही भरतो. ज्या दिवशी एवढं करणं होणार नाही, त्या दिवशी ती द्यायची, हेही ठरलेलं आहे. ज्यांच्या अंगणात वर्षानुवर्षं गंजलेली गाडी उभी आहे, त्यांनी मात्र आजच देऊन टाकावी. तिचा उपयोग फक्त उंदरांना.

गेल्या दिवाळीनंतर चादर काढली. चिंध्या मोजून काढल्या, सगळ्या जागच्या जागी होत्या. पण हँडलखाली कुंभारमाशीने मातीचं छोटंसं घर बांधलेलं दिसलं. ते यांनी तसंच राहू दिलं आणि घराला भोक पडून आतली माशी उडून जाईपर्यंत गाडीला हात लावला नाही. मुलगा फोनवर हसला, म्हणाला, “बाबा, गाडीनेच चातुर्मास वाढवून घेतला.”

नंतर कॉक उघडला, मिनिटभर थांबलो, चोक ओढला. तिसऱ्या किकला गाडी सुरू झाली.