ऐका, भजी तळतायत!
वीकेंडला लोणंदच्या घराचं गेट स्वतःच जोडायचा प्लॅन आहे? मग मिग वेल्डरचा सिम्पल फंडा लक्षात ठेवा. व्होल्टेज वाढवलं की जोड पसरट होतो, वायर फीड वाढवलं की करंट वाढतो. 2 मिलिमीटर लोखंडी पत्रा, 0.8 मिलिमीटर वायर आणि आर्गॉन-सीओटू मिक्स असेल, तर 17 व्होल्ट आणि मिनिटाला 4 मीटरच्या आसपास सुरुवात करा. वायर गनला मागे ढकलतेय? फीड कमी करा. टिपलाच वितळून चिकटतेय? थोडं वाढवा. एका वेळी एकच नॉब! लोणंदच्या कांद्याची भजी तळताना येतो तसा सलग चर्रर्र आवाज आला, की सेटिंग जमत आलं. तरी आधी भंगाराच्या तुकड्यांवर जोड मारून हातोड्याने वाकवून बघाच. वरून चकाचक, आतून कच्चा असा जोड सुटला, तर गेट कुणाच्या तरी पायावर येईल. आणि हो, डोळ्यांवर स्टायलिश गॉगल नको, वेल्डिंगचं हेल्मेटच हवं!